विषय: भाच्याला युरोपात ट्रकवर पाठवावं का?

नमस्कार मंडळी,

माझा भाचा संगमनेरचा. आठ वर्षं ट्रकवर आहे, कांदा घेऊन बेंगळुरू-चेन्नईच्या फेऱ्या करतो. एका एजंटाने त्याला लिथुआनियातल्या कंपनीत ड्रायव्हरची नोकरी देऊ केली आहे. साडेचार लाख मागतोय आणि महिन्याला २,००० युरो हातात पडतील म्हणतोय. गाडी मात्र जर्मनी, फ्रान्स, बेल्जियममध्येच फिरणार. माझी ताई जमीन गहाण टाकायला निघाली आहे.

इकडे जर्मनीत आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा जन्मभर ट्रक चालवून निवृत्त झाले. ते म्हणतात, पूर्वेकडच्या स्वस्त ड्रायव्हरांनी आमच्या पोटावर पाय दिला. उद्या माझ्याच घरातला मुलगा ते करणार का, या विचाराने झोप लागत नाही. कुणाला यातलं कळत असेल तर कृपया लिहा.

हानाऊहून

-----

ताई, नमस्कार.

मी मानहाइमला एका वाहतूक कंपनीत अकरा वर्षं गाड्यांचं नियोजन करतोय. आजोबांचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या माणसावर निघतोय.

ट्रकची किंमत, डिझेल, टोल हे सगळ्या कंपन्यांना जवळपास सारखंच पडतं. मोठा फरक करता येतो तो फक्त ड्रायव्हरच्या खर्चात. म्हणून भाड्याची सगळी ओढाताण शेवटी त्याच्याच पगारावर येते. २०२५ मध्ये लिथुआनियाचं किमान वेतन महिन्याला १,०३८ युरो होतं. जर्मनीचं तासाला १२.८२, म्हणजे पूर्णवेळ कामाला महिन्याचे साधारण २,२०० युरो. रस्ता तोच, माल चढवा-उतरवायच्या रॅम्पवर थांबणं तेच. कंपनीची पाटी कुठल्या देशात लावली आहे, एवढ्यावर हा फरक पडतो.

पोलंड आणि लिथुआनिया २००४ मध्ये युरोपीय संघात आले. आज संघात सर्वांत जास्त मालवाहतूक पोलंडच्या गाड्या करतात. तिथल्या ड्रायव्हरांचे पगार वाढले, तशा कंपन्या आणखी पूर्वेकडे वळल्या: युक्रेन, बेलारूस, मग उझबेकिस्तान आणि आता भारत. तुमचा भाचा या साखळीच्या अगदी टोकाला उभा राहणार आहे.

करारात मूळ पगार किती आणि रोजभत्ता किती, हे आधी बघा. पुष्कळ ठिकाणी मूळ पगार जेमतेम असतो आणि बाकी सगळा भत्ता. आजारी पडला की भत्ता बंद, आणि पेन्शनही त्या छोट्या आकड्यावरच मोजली जाते. कंपनीचा सामाजिक विम्याचा हप्ता वाचतो, त्यामुळे ती भाडं कमी लावू शकते आणि माझ्यासारख्याची कंपनी तिच्यापुढे हरते. आमच्याकडचे पगार रखडतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

कायदा आहे. फेब्रुवारी २०२२ पासून, परक्या गाडीने जर्मनीतल्या जर्मनीत माल नेला किंवा दुसऱ्या दोन देशांमधली खेप केली, तर त्या कामाला जिथे काम झालं त्या देशाचं वेतन लागू होतं. लिथुआनियाहून थेट जर्मनी आणि परत, ही फेरी मात्र त्यातून वगळलेली आहे. शिवाय खर्चापोटी दिलेला भत्ता पगारात मोजता येत नाही. पण हे सगळं मागणार कोण? भाषा येत नाही, व्हिसा मालकाच्या हातात आणि डोक्यावर साडेचार लाखांचं कर्ज!

-----

मंडळी,

मी डार्मस्टाटला राहते. २०२३ च्या मार्चअखेरीला आमच्या जवळच ए-५ महामार्गावर ग्रेफेनहाउझेनच्या थांब्यावर साठाहून जास्त ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. बहुतेक जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे, कंपनी पोलंडची, पैसे कित्येक आठवड्यांचे थकलेले. मी आणि शेजारीण डाळभात घेऊन दोनदा गेलो. एकाने मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवला. ती चालायला लागली तेव्हा तो स्पेनमध्ये कुठेतरी केबिनमध्ये होता.

गुड फ्रायडेला मालक चिलखती गाडी आणि माणसं घेऊन ट्रक ओढून न्यायला आला, पोलिसांनी त्यालाच धरलं. एप्रिलअखेर थकलेले पैसे मिळाले, तीन लाख युरोंच्या आसपास. तरी जुलैमध्ये तिथेच पुन्हा शंभराहून जास्त गाड्या थांबल्या आणि सप्टेंबरमध्ये काहींनी अन्नत्याग केला.

पंचेचाळीस तासांची साप्ताहिक सुट्टी केबिनमध्ये काढायला युरोपात बंदी आहे. रविवारी कुठल्याही थांब्यावर जाऊन बघा, पडदे ओढलेल्या केबिन रांगेने दिसतील. ताई, भाच्याला नेऊन दाखवता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

-----

नमस्कार, स्टुटगार्टहून.

वरचं पटलं, पण एक बाजू राहते. माणसं अडवली की पगार वाढतात, हे ब्रिटनमध्ये २०२१ ला दिसलं. ब्रेक्झिटनंतर पूर्व युरोपातले ड्रायव्हर परत गेले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, टँकर चालवायला सैनिक बोलावले, आणि सुपरमार्केटं रुजू होणाऱ्याला हजार पौंड बोनस देऊ लागली. म्हणजे आजोबा अगदीच चुकीचं बोलत नाहीत. मला एवढंच म्हणायचं आहे की आपली मुलं यावीत, पण इथल्याच पगारावर यावीत. मग कुणाच्या पोटावर पाय पडत नाही.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात ट्रकचालकही आहेत. वाट लांबची आहे. जर्मन शिकावं लागतं, आपलं लायसन्स चालत नाही, इथली परीक्षा आणि व्यावसायिक चालकाची पात्रता दोन्ही लागतात. पण करार जर्मन कंपनीशी होतो.

-----

सगळ्यांचे मनापासून आभार.

काल भाच्याकडून कराराचा फोटो मागवला. मूळ पगार महिन्याला १,१५० युरो, पुढे सगळा रोजभत्ता, गाडी चालेल त्या दिवसांचाच. सुट्टीत घरी यायचं भाडं स्वतःचं. ताईला फोन करून गहाणखत थांबवायला सांगितलं. ती रडली, कारण एजंटाला पन्नास हजार आधीच गेलेत. ते परत मिळवायला कुणाच्या ओळखीचा नगरकडचा वकील असेल तर कळवा. आणि स्टुटगार्टचे दादा, संगमनेर-नाशिक भागात जर्मनचा वर्ग कुठे चालतो, चौकशी करून सांगाल का? तो ट्रकवरूनही शिकेन म्हणतोय.

हानाऊहून