मदत हवी आहे: इंजिन ऑइल साधं टाकू की सिंथेटिक? (गाडी गॅरेजला उभी आहे, लवकर सांगा)

वाशिष्ठीकाठ (स. ११:५०)
नमस्कार मंडळी. थोडक्यात विचारतो, वेळ नाही. गाडीचं ऑइल बदलायचं आहे. मेकॅनिक म्हणतो साधं मिनरल टाक, बाराशेत भागेल. भावोजी म्हणतात सिंथेटिकशिवाय डबा उघडूच देऊ नकोस, इंजिनाचं आयुष्य दुप्पट होतं. त्याचे अडीच हजार. मेकॅनिकला दोनच्या आत सांगायचंय. तो एकदा जेवायला घरी गेला की संध्याकाळशिवाय उगवत नाही. आणि मंगळवारी आईला घेऊन कराडला जायचंय. अनुभवी लोकांनीच सांगावं, गूगल मलाही करता येतं.

घाटवळण (स. ११:५८)
गाडी कोणती? पेट्रोल की डिझेल? किती किलोमीटर झालेत? आधी कुठलं ऑइल होतं?

हापूस_एक्सप्रेस (दु. १२:०४)
डोळे झाकून फुल सिंथेटिक. मुंबई-लांजा महिन्यातून दोनदा करतो, इंजिन लोण्यासारखं चालतं. हजार-बाराशे रुपयांसाठी लाखांच्या गाडीशी खेळू नका.

जुनं_ते_सोनं (दु. १२:११)
आमच्या वडिलांची जीप आयुष्यभर ट्वेंटी-फोर्टी या घट्ट ऑइलवर चालली. इंजिन कधी उघडलं नाही. सिंथेटिक हे कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे. कोकणात कुठे बर्फ पडतो?

हापूस_एक्सप्रेस (दु. १२:१५)
जीपच्या इंजिनातल्या फटीत तुमचं ट्वेंटी-फोर्टीच लागायचं साहेब. आताच्या इंजिनांना ते टाकाल तर तेल वर पोचेपर्यंत कॅमशाफ्ट कोरडा घासेल.

तेरेखोल (दु. १२:१९)
मेल्या, गाडी खंयची ता आधी सांग मा! हंय दोघे भांडतत आणि तू गप.

वाशिष्ठीकाठ (दु. १२:२६)
अहो वॅगन आर आहे. २०११ची, पेट्रोल. ऑइल ते ऑइल, गाडीने काय फरक पडतो?

गुहागरचा_वारा (दु. १२:३१)
ऑइलचं नंतर बघा, आधी गाडी खालून अँटीरस्ट मारून घ्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत आमच्या गाडीचे पत्रे सहा वर्षांत चाळणी झाले. सायलेन्सर तर दोनदा बदलला.

वाशिष्ठीकाठ (दु. १२:३३)
मी चिपळूणला राहतो. आणि मी पत्र्याचं विचारलेलं नाही.

घाटवळण (दु. १२:३८)
चिपळूण आणि २०११ची गाडी म्हणजे विचारायलाच हवं: २२ जुलै २०२१च्या पुरात गाडी बुडाली होती का? ऑइलच्या झाकणाखाली पाणी मिसळल्याची पांढरट साय दिसते का?

बाजारपूल (दु. १२:४४)
तो दिवस आठवला की अजून झोप लागत नाही. आमचा अख्खा तळमजला पाण्यात होता. शेजाऱ्यांनी पाणी ओसरल्यावर बुडालेली गाडी उत्साहाने स्टार्ट करून बघितली आणि इंजिनात पाणी असल्यामुळे कनेक्टिंग रॉडच वाकला. न चालू करता टो केली असती तर वाचली असती.

वाशिष्ठीकाठ (दु. १२:४७)
बुडाली नाही हो. तेव्हा गाडी भावोजींकडे पाटणला होती, मी नंतर घेतली. पांढरी सायबिय काही नाही. एक लाख दहा हजार किमी. रोज घर ते दुकान अडीच किमी, आणि महिन्यातून दोन-तीनदा कुंभार्ली चढून कराड. मागच्या वेळी कुठलं ऑइल टाकलं माहीत नाही. बाकी सगळं ओके आहे. मागच्या खेपेला घाटात एका वळणावर तो लाल दिवा, किटलीचं चित्र असतं तो, क्षणभर लागला आणि गेला. त्यामुळेच म्हटलं ऑइल बदलू. आता सांगा, साधं की सिंथेटिक?

घाटवळण (दु. १२:४९)
!!! हे सगळ्यात आधी लिहायचं होतंत.

निवृत्त_डेपो (दु. १२:५८)
मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. साधं-सिंथेटिक बाजूला ठेव. मेकॅनिकने जुनं तेल अजून सोडलं नसेल तर त्याला थांबव. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गार असताना गेज, म्हणजे तेल मोजायची पट्टी काढ, पुसून परत घाल आणि मग बघ.

वळणावर दिवा लागतो त्याचं बहुधा एकच कारण. चेंबरमध्ये तेल कमी आहे. वळणावर तेल एका बाजूला जातं, पंपाच्या जाळीला तेलाऐवजी हवा मिळते, प्रेशर पडतं. सरळ रस्त्यावर दिवा विझतो आणि माणूस विसरतो. त्या क्षणाला बेअरिंगं कोरडी फिरत असतात.

जुनं_ते_सोनं (दु. १:०३)
म्हणूनच म्हणत होतो, घट्ट ऑइल टाका.

निवृत्त_डेपो (दु. १:०९)
नाही. या इंजिनाला पातळ तेल लागतं, ५डब्ल्यू-३० टाक. तेल कमी आहे म्हणून घट्ट तेल टाकणं म्हणजे सांबार कमी पडलं म्हणून त्यात पीठ घालण्यासारखं.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनातला घट्टपणा. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही हे जुनं_ते_सोनं यांचं बरोबर. पण सिंथेटिकचा दुसरा गुण उष्णतेत टिकण्याचा आहे, तो घाटात उपयोगी पडतो हेही खरं. बाजारात सिंथेटिक म्हणून मिळणारं बरंचसं तेल खनिज तेलावरच प्रक्रिया करून केलेलं असतं, त्यामुळे दोघांत जमीन-अस्मानाचा फरक समजू नका. डब्यावर ग्रेड बरोबर आणि एपीआय एसएन किंवा एसपी हा दर्जाचा शिक्का असला की झालं.

हापूस_एक्सप्रेस (दु. १:१४)
काका, पण सिंथेटिक वीस हजार किमी चालतं, म्हणजे शेवटी स्वस्तच.

निवृत्त_डेपो (दु. १:२१)
त्याच्या गाडीला नाही चालणार. रोज अडीच किमी म्हणजे इंजिन धड तापतच नाही, आणि पावसाळ्यात आपली हवा अशी. आतला दमटपणा आणि कच्चं पेट्रोल तेलातच राहतं. अशा गाडीचं तेल किलोमीटर न बघता वर्षाला बदलायचं, डबा कितीचा का असेना.

तेरेखोल (दु. १:२५)
काकांनी बरोबर सांगल्यानी. आणि रिकामो डबो घराक घेऊन ये नायतर फोडून टाक. त्येच डबे परत भरून इकतत.

विजेवर_चालणारा (दु. १:३०)
म्हणूनच इलेक्ट्रिक घ्या, ऑइलची कटकटच नाही.

घाटवळण (दु. १:३१)
आणि कुंभार्लीत चार्जिंग तुम्ही आणून देणार का?

वाशिष्ठीकाठ (दु. १:५२)
मेकॅनिकने तेल आधीच सोडलं होतं. पण त्याने ट्रेमधलं मोजून दाखवलं. जेमतेम दीड लिटर निघालं. तीनच्या आसपास असायला हवं होतं म्हणे. खाली गळती कुठेच नाही. मग गेलं कुठे?

निवृत्त_डेपो (दु. १:५६)
जळलं. आता साधं ५डब्ल्यू-३० टाक, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा. तेल पिणाऱ्या इंजिनाला महागडं तेल पाजण्यात अर्थ नाही. मंगळवारी सोबत कोणाला तरी मागून यायला सांग. घाट उतरताना तू पाय ॲक्सिलरेटरवरून काढलास की इंजिन जोरात ओढून घेतं, आणि वॉल्व्ह सील कडक झाले असतील तर वरचं तेल खाली झिरपतं. उतार संपून ॲक्सिलरेटर दिलास की मागे निळा धूर येईल. तो दिसला तर सील, नाही दिसला तर पिस्टनच्या रिंगा तपासायच्या.

वाशिष्ठीकाठ (बुधवार, रा. ९:१०)
काल जाऊन आलो. दिवा लागला नाही. येताना भाचा बाइकवर मागे होता. पोफळीला सपाटीवर ॲक्सिलरेटर दिला तर म्हणतो, मामा, डास मारायची गाडी आल्यासारखा निळा धूर आला, आणि दोन मिनिटांत गेला.
मेकॅनिक म्हणतो सील बदलू, पण गणपतीनंतर. तोवर दर रविवारी गेज बघून तेल भरायचं. भावोजींना साधं तेल टाकल्याचं सांगितलेलं नाही. गाडी त्यांच्याकडे असताना शेवटचं ऑइल कधी बदललं होतं हे विचारलं, तर विषय बदलला.

गुहागरचा_वारा (बुधवार, रा. ९:४०)
छान. अँटीरस्टचं काय ठरलं?