प्रति: जाड बटणं आणि हिरवे पडदे

'२१२२ सालच्या यानात हिरव्या अक्षरांचे डबडे मॉनिटर कशाला?' असं वर विचारलंय, आणि जाड बटणं कशाला, असंही. मला तर 'एलियन' (१९७९) हा चित्रपट त्यामुळेच खरा वाटतो. त्यातलं यान मालवाहू आहे, मालकाने पैसे वाचवून चालवलेलं. चित्रपटाचा एक डिझायनर रॉन कॉब याने त्याच्या दारांवर, भिंतींवर लावायला छोट्या सूचनाचिन्हांची अख्खी मालिका काढली होती. पडद्यावर ती धड दिसतही नाहीत, पण जागा वापरातली वाटते.

आणि बटणांचं म्हणाल तर अपोलो यानातल्या खटक्यांना दोन्ही बाजूंनी धातूच्या कड्या होत्या, तरंगताना कोपर लागून भलतंच काही चालू होऊ नये म्हणून. जाड हातमोजे घालून गुळगुळीत टचस्क्रीन वापरून बघा एकदा! (चित्रपटात इंजिनाचा आवाज निर्वात पोकळीतही ऐकू येतो, त्यावर मात्र कोणी बोलत नाही.)