कमांड लाइनवरून क्लाउडमध्ये लॉगिन करताना ब्राउझरची सक्ती असावी का?

मूळ मत
माणूस लॉगिन करत असेल तर ब्राउझर सक्तीचाच असावा आणि माणसाला कायमस्वरूपी अ‍ॅक्सेस की (पासवर्डाऐवजी चालणारी गुप्त अक्षरमाला) देणे बंद व्हावे, असे माझे ठाम मत आहे. गूगल क्लाउडच्या जीक्लाउड या टूलची 'जीक्लाउड ऑथ लॉगिन' ही कमांड दिली की ब्राउझर उघडतो, पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी तिथेच होते. टर्मिनलला (कमांड टाइप करण्याच्या खिडकीला) पासवर्ड कधीच दिसत नाही. परवानगी दिल्यावर ब्राउझर त्याच संगणकाच्या १२७.०.०.१ या (प्रत्येक संगणकाच्या स्वतःच्या) पत्त्यावर वाट पाहणाऱ्या टूलला अल्पायुषी कोड पोहोचवतो. तो कोणी मध्येच पळवला, तरी २०१५ साली प्रमाणित झालेल्या पीकेसीई पद्धतीमुळे टूलने सुरुवातीला तयार केलेले मूळ गुपित हाती असल्याशिवाय त्याच्या बदल्यात टोकन (प्रवेशाचा डिजिटल परवाना) मिळत नाही. अ‍ॅक्सेस की मात्र बहुधा साध्या मजकूर फाइलमध्ये पडून असते, नजरचुकीने गिटमध्ये (प्रोग्रामचा कोड साठवण्याच्या प्रणालीत) जाते आणि रद्द करेपर्यंत चालत राहते.

प्रतिसाद १ : असहमत
हे सारे स्वतःच्या लॅपटॉपवर ठीक आहे. एसएसएच या सुरक्षित जोडणीने दूरच्या सर्व्हरवर काम करताना टूल सर्व्हरच्या १२७.०.०.१ वर वाट पाहत असते आणि कोड लॅपटॉपच्या १२७.०.०.१ वर जातो, जिथे ऐकणारे कोणी नसते. ब्राउझरमध्ये 'कनेक्ट होता आले नाही' असे पान येते आणि टर्मिनल तसेच अडकून राहते. सक्ती करण्यापूर्वी याचे उत्तर हवे.

प्रतिसाद २
उत्तर २०१९ पासून आहे: डिव्हाइस कोड. टर्मिनलवर दिसणारा कोड कोणत्याही यंत्रावरच्या ब्राउझरमध्ये टाकावा. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडसाठीच्या 'एझेड लॉगिन' कमांडमध्येही हा पर्याय आहे.

प्रतिसाद ३ : प्रतिसाद २ शी तीव्र असहमत
हाच पर्याय सर्वांत धोकादायक आहे. हल्लेखोर स्वतः लॉगिन सुरू करतो आणि मिळालेला कोड बैठकीच्या निमंत्रणाच्या बहाण्याने तुम्हाला पाठवतो. पान खरे असते, पत्ता खरा असतो, दुसऱ्या टप्प्याची पडताळणीही तुम्हीच पूर्ण करता, आणि टोकन मिळते ते त्याला. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच मोहिमेबद्दल जाहीर इशारा दिला होता. एडब्ल्यूएस या अमेझॉनच्या क्लाउडच्या टूलनेही २.२२.० आवृत्तीपासून एसएसओ (एकाच लॉगिनने अनेक सेवा वापरण्याच्या) लॉगिनसाठी डिव्हाइस कोडऐवजी पीकेसीई हा आपोआप निवडला जाणारा पर्याय केला आहे.

मूळ लेखकाचे उत्तर
प्रतिसाद ३ शी सहमत आहे. डिव्हाइस कोड संस्थेने धोरणानेच बंद ठेवावा. दूरच्या सर्व्हरसाठी एसएसएचने पोर्ट फॉरवर्ड करता येतो (म्हणजे लॅपटॉपवर आलेला कोड सर्व्हरकडे वळवता येतो), किंवा ब्राउझर असलेल्या दुसऱ्या यंत्रावर लॉगिन पूर्ण करण्याचा जीक्लाउडचा 'नो-ब्राउझर' पर्याय वापरता येतो. स्क्रिप्टला तर लॉगिन लागूच नये. तिने यंत्राला जोडलेल्या भूमिकेवर (क्लाउडने त्या यंत्रालाच दिलेल्या परवानग्यांवर) चालावे.

प्रतिसाद १
पोर्ट फॉरवर्डचा मुद्दा मान्य. तरीही लॉगिननंतर रिफ्रेश टोकन (ज्यावर पुन्हा लॉगिन न करता नवे टोकन मिळते) त्याच सामायिक सर्व्हरच्या डिस्कवर उतरते आणि रूट (सर्वोच्च) अधिकार असलेला कोणीही ते वाचू शकतो. सत्राची मुदत काही तासांवर आणल्याशिवाय या सक्तीला माझा पाठिंबा नाही.