कूट, काजू, बदाम: वाटीने मोजावेत की वजनाने?

खलबत्ता
पाककृती देणाऱ्यांनो, सुकामेवा कृपा करून ग्रॅममध्ये द्या. ‘दोन वाट्या बदामाची पूड’ म्हणजे बदाम दोन वाट्या घेऊन दळायचे की पूड दोन वाट्या भरायची? 240 मिलीच्या कपात अख्खे बदाम साधारण 140 ग्रॅम मावतात. त्यांचे पातळ काप भरा, 90 च्या आसपास. पूडही जवळपास तेवढीच, 95 धरा. तिसरा हिस्सा बदाम गायब, साखर मात्र तेवढीच! मग वड्या दगड झाल्या की ‘पाक चुकला असेल’ म्हणून मोकळे.

माजघर
वजनाचं हे खूळ केकवाल्यांचं. आपल्याकडे सगळं प्रमाणावर चालतं. दाण्याच्या लाडवाला दोन वाट्या कूट, एक वाटी चिरलेला गूळ. वाटी आमटीची घ्या नाहीतर भातुकलीतली, लाडू वळले जाणारच. चिपटं, मापटं, शेर, पायली हीसुद्धा भरून मोजायचीच मापं होती. कुणाचं काही अडलं नाही.

खलबत्ता
पायलीभर ज्वारी दळून आणा आणि पीठ त्याच पायलीत भरून दाखवा. वर केवढी शीग येते बघा! आणि तुमचं कूट कुठलं? मिक्सरमधलं मोकळं भरड, की कुटून तेल सुटलेलं? दुसरं वाटीत दाबलं तर दाबत जाईल तेवढं मावतं.

माजघर
दाबायला सांगितलंय कुणी?

परदेशस्थ_टेक्सास
इथल्या कृतींमध्ये कपच असतो, पण तो 240 मिलीचा, ऑस्ट्रेलियात 250 चा. आईची वाटी दोन्हींपेक्षा लहान. एक गंमत सांगते. अक्रोडाचे अर्धे मगज कपात 100 ग्रॅमच बसतात, तेच चिरून भरले तर 115 च्या वर जातात, कारण वेड्यावाकड्या मगजांमध्ये पोकळी राहते. बदामाचं नेमकं उलट. म्हणून एकच आकडा पाठ करून सगळ्या सुक्यामेव्याला लावता येत नाही. (अक्रोड महाग वाटले की मी पीकन घालते. टेक्सासचा राज्यवृक्षच तो, शेजारी पिशवी भरून देतात.)

भाजणी
काटाही सगळं सांगत नाही हो. पाव किलो कच्चे दाणे भाजा, सालं पाखडा, मग परत ठेवा काट्यावर. पाणी उडालं, सालं गेली, पाव किलो कुठे राहिलं? मग तुमचे ग्रॅम कच्च्याचे की भाजलेल्याचे?

खलबत्ता
‘भाजून, सोलून 200 ग्रॅम’ असं लिहायचं. दोन शब्द जास्त टंकायला लागतात, बस.

घरगुती_फराळ
मी दिवाळीत ऑर्डरी घेते. काजू किलोवर विकत आणायचे आणि कतली वाटीवर करायची, मग हिशेब लागणार कसा? माझं ठरलेलं आहे: काजू 1 किलो, साखर 600 ग्रॅम. काजू कितीही बारीक दळले तरी हे बदलत नाही. घरच्या खिचडीच्या कुटाला मात्र मी काटा काढत नाही.

माजघर
बघा, खिचडीला नाही ना! ऑर्डरीचं सोडा, घरात चार माणसांच्या लाडवाला काटा कशाला? गूळच मुळात एक चिकट, एक कोरडा. मिश्रण मुठीत दाबायचं, फुटलं तर चमचाभर तूप. ते किती ग्रॅम लिहू?

खलबत्ता
तूप 15. आणि गूळ चिरलेला की किसलेला, तेही लिहा.