ब्रेसला ॲल्युमिनियम की साधा एमएस (माइल्ड स्टील) पाइप?

भाऊ, माझदाच्या जुन्या एमएक्स-५ गाडीच्या पुढच्या ब्रेससाठी (दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शन टॉवरना, म्हणजे शॉकॲब्झॉर्बरचं वरचं टोक बसतं त्या उंचवट्यांना, जोडणारा आडवा दांडा) तुम्ही ॲल्युमिनियम पाइप घेणार म्हणताय, हलका आणि गंजत नाही म्हणून. मी एमएसच घ्या म्हणेन. इथे प्रश्न तुटण्याचा नाही, लवण्याचा आहे. पोलादाची ताठरता साधारण २०० गिगापास्कल, ॲल्युमिनियमची ७०. त्याच मापाचा ॲल्युमिनियम पाइप जवळपास तिप्पट लवणार. महागडं क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद) आणलंत तरी मजबुती वाढते, ताठरता तेवढीच राहते. शिवाय ६०६१-टी६ जातीचं ॲल्युमिनियम वेल्ड केलं की सांध्याजवळ नरम पडतं.

माझ्या गाडीला पहिला ब्रेस मी ४० बाय ५ मिमीच्या पट्टीचा केला होता. इंजिनवरून जावा म्हणून मधे कमान दिली, तिथेच फसलो. खड्ड्यात चाक गेलं की कमान उघडायची-मिटायची. आठवड्याभरात बोल्टभोवतीचा रंग घासून पत्रा चमकायला लागला. मग हिंगणा एमआयडीसीतून २५ मिमीचा, २ मिमी जाडीचा पाइप आणला आणि अगदी सरळ बसवला. तेव्हापासून रंग जागेवर आहे.

टोकाच्या प्लेटा मात्र ५ मिमीच्या खाली नकोत. त्या पातळ असल्या तर पाइप कितीही जाड घ्या, सगळं तिथेच लवतं. आधी पुठ्ठ्यावर टॉवरच्या भोकांचा साचा काढा. शेवटचं कसणं गाडी चारही चाकांवर सपाट जागी उभी असतानाच करा, जॅकवर नको. गंजाचं म्हणाल तर प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात पुरतात.