मदत हवी आहे: ‘ई’ अँटिजेन निगेटिव्ह, तरी व्हायरल लोड लाखांत

नमस्कार मंडळी, आम्ही तासगावचे. आबांना (माझे वडील) जुना हिपॅटायटिस बी आहे. परवा मिरजेहून रिपोर्ट आले. ‘ई’ अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असताना रक्तात सापडणारं त्याचं प्रथिन) निगेटिव्ह, त्याविरुद्धची अँटीबॉडी पॉझिटिव्ह. आई तर पेढे आणायला निघाली होती! पण खालच्या ओळीत डीएनए लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) लाखांत, आणि एसजीपीटीही (यकृताची इजा दाखवणारं एन्झाइम) वाढलेलं.

डॉक्टर म्हणाले, विषाणू बदलला असणार. मग जरा वाचलं. या विषाणूचा जीनोम (सगळा जनुकीय मजकूर) जेमतेम ३,२०० बेस जोड्यांचा. पण तो स्वतःची नक्कल आरएनएमार्गे करतो, आणि ते काम करणारं एन्झाइम चुका दुरुस्त करत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षांत एकाच शरीरात विषाणूची अख्खी भावकी तयार होते. जीनोममध्ये १८९६ व्या जागी ‘जी’ बेसचा ‘ए’ झाला की ‘ई’ अँटिजेन बनणंच बंद, विषाणू मात्र वाढतच राहतो. डी जीनोटाइपमध्ये (विषाणूच्या एका उपप्रकारात) हा बदल बराच दिसतो, आणि भारतात डीच जास्त.

आता विचारायचं ते असं. सांगली-मिरजेत जीनोटाइप आणि म्युटेशनची तपासणी होते का, की रक्त पुण्या-मुंबईलाच पाठवतात? खर्च साधारण किती? आबांनी पूर्वी लॅमिव्ह्युडिन (विषाणूविरोधी जुनं औषध) घेतलंय, त्याला दाद न देणारे विषाणू तेव्हाच तयार झाले असतील. तरी टेनोफोव्हिर हे औषध त्या विषाणूंवरही चालतं म्हणतात, मग ही तपासणी करावीच का? पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

काढे, झाडपाला कृपया सुचवू नका. ते सांगणारे पाव्हणे घरी रोज येतात.