आईच्या बाह्य जननेंद्रियावरील पॅजेट रोग : मूळ आणि उपचारांबाबत मदत हवी आहे

माझी आई ६८ वर्षांची आहे. योनिमुखाच्या बाजूला खाज सुटणारा लालसर, ओलसर चट्टा तिने संकोचापायी कित्येक महिने कोणालाच दाखवला नाही, आणि दाखवल्यावरही कधी बुरशीसंसर्ग, कधी एक्झिमा समजून दीड वर्ष नुसती मलमेच दिली गेली. इतक्या काळात बायोप्सी एकदाही सुचवली गेली नाही, याचे मला फार वाईट वाटते. आता बायोप्सीत एक्स्ट्रामॅमरी पॅजेट रोगाचे, म्हणजे त्वचेच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे, निदान झाले आहे.

जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये स्तनाग्राच्या ज्या विकाराचे वर्णन केले, त्याच जातीचा हा स्तनाबाहेरचा विकार आहे. मी जे वाचले त्यानुसार बहुतेक रुग्णांत तो त्वचेच्या वरच्या थरातच सुरू होतो, परंतु काहींमध्ये गुदाशयाच्या किंवा मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशी पसरत त्वचेपर्यंत आलेल्या असतात. रोगाच्या पेशी मुळात कुठल्या हे ओळखण्यासाठी त्यांतील सीके-७ आणि सीके-२० ही प्रथिने तपासतात; आईच्या अहवालात सीके-७ पॉझिटिव्ह आणि सीके-२० निगेटिव्ह आहे, म्हणजे मूळ त्वचेतच असण्याची शक्यता अधिक. तरीही डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी आणि सिस्टोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची आणि मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी, सांगितली आहे. आई या तपासण्यांना घाबरते, पण मूळ दुसरीकडे असेल तर उपचारच बदलतील, म्हणून त्या टाळू नयेत असे मला वाटते. कोणी अशा अहवालानंतरही त्या करून घेतल्या आहेत का?

खरी अडचण उपचार निवडण्याची आहे. बायोप्सीत रोग खोलवर गेलेला दिसलेला नाही. एक डॉक्टर भोवतालच्या त्वचेसह चट्टा काढून टाकण्याचा आग्रह धरतात, तर दुसरे ५ टक्के इमिक्विमॉड मलम (त्वचेची प्रतिकारशक्ती चेतवून रोगाच्या पेशी मारणारे) काही महिने लावून पाहू म्हणतात. शस्त्रक्रियेत अडचण अशी, की रोगाच्या पेशी डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पलीकडेही पसरलेल्या असतात, त्यामुळे मोठा भाग काढूनही रोग पुन्हा उद्भवू शकतो. मलमाने अवयव वाचतो. पण बायोप्सीचा तुकडा लहान असतो, आणि एखाद्या ठिकाणी रोग खोल शिरला असेल तर मधले महिने वाया जातील, ही भीती मला सोडत नाही. मलम सुरू करण्यापूर्वी चट्ट्याच्या अनेक ठिकाणांहून बायोप्सी घ्यायला सांगणे योग्य ठरेल का?

ज्यांनी घरच्या कोणाचे असे उपचार पाहिले आहेत, त्यांनी मलमाने होणारी आग किती सोसावी लागली, आणि शस्त्रक्रियेनंतर बसणे व लघवी करणे कधी सुसह्य झाले, हे कृपया लिहावे. आई मला रोज हेच दोन प्रश्न विचारते.